एक कप चहाची नोट

जर्मनीतलं एखादं लहानसं गाव उद्या हरवलं, तर तिथल्या पोलिसांनी इकडेतिकडे शोधण्यात वेळ न घालवता थेट खोपोलीला यावं, शिळफाट्यावर उतरावं आणि माझ्या मावशीच्या घरमालकांचा जिना चढावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. गाव तिथे नक्की सापडेल. प्लास्टिकच्या खिशात नीट घातलेलं, शेजारी कडुलिंबाचं वाळलेलं पान ठेवलेलं आणि वर तिथल्या नगराध्यक्षांची सही असलेलं. घरमालक स्वतः पुण्याच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत, आणि पुण्यालाही गेले ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पण नाउम्बुर्गच्या चर्चवरून डावीकडे वळलं की काय लागतं, हे ते शिळफाट्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पत्ता सांगावा तितक्या सहज सांगतात. उलट पिठाच्या गिरणीचा पत्ता विचारला तर त्यांना थोडं आठवावं लागतं.

हे सगळं नोटांमुळे. शंभर वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत, जर्मनीत सुट्टे पैसे नाहीसे झाले. तांबं आणि निकेल तोफांकडे गेलं, उरलेली नाणी लोकांनी घरात दडवली. पाववाल्याकडे पाव होता, गिऱ्हाईक होतं, पण मोड नव्हती. सरकारला लहान गावांच्या चिल्लरीकडे बघायला सवड नव्हती, तेव्हा गावांनीच आपापल्या नोटा छापून घेतल्या. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीएवढ्या गावांनीसुद्धा. नॉटगेल्ड म्हणतात त्यांना, म्हणजे अडचणीतला पैसा. नोट छापायची तर तिच्यावर चित्र हवं, आणि लहान गावाकडे राजा नाही, सेनापती नाही. मग ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं छापलं. कुणी आपली गढी, कुणी आपली लोककथा, कुणी गावातला प्रसिद्ध मूर्ख. हामेल्न गावानं आपले उंदीर आणि त्यांना नादावून नेणारा बासरीवाला छापला. बीलेफेल्ड कापडाचं गाव, त्यांनी चक्क रेशमावर नोटा काढल्या. घरमालकांकडे ती रेशमाची नोट आहे. ती दाखवायच्या आधी ते समोरच्याला हात धुवायला लावतात, आणि मग हात लावू देत नाहीत.

या नादाची सुरुवात एका डब्यातून झाली. घरमालक तरुणपणी इथल्याच एका कागदाच्या कारखान्यात, कागद तपासायच्या खोलीत कामाला होते. तिथे यंत्र बसवायला जर्मनीहून एक फिटर आला होता. त्याला ना हिंदी येत होतं ना मराठी, आणि इंग्रजी दोघांनाही सारखंच येत नव्हतं. घरमालक त्याला रोज आपल्या डब्यातले पोहे देत. जाताना त्यानं पाकिटातून एक लहानशी जुनी नोट काढून यांच्या हातावर ठेवली. तिच्यावर एका गावाचं चित्र होतं आणि चित्रातल्या एका घरावर त्यानं बोट ठेवलं. ते त्याच्या आजीचं घर असावं, असं घरमालकांनी ठरवून टाकलं. पुढे मुंबईतल्या जुन्या नाण्यांच्या दुकानांतून, टपालानं, कुणाकुणाच्या ओळखीनं त्यांनी नोटा जमवल्या. या नोटा फार महाग नसतात, हे त्यांच्या बायकोचं नशीब.

कागद तपासण्याची नोकरी संपली तरी बोटांची सवय गेली नाही. हातात कागद आला की घरमालक तो आधी अंगठ्यानं चोळत, मग कानाजवळ नेऊन टिचकी मारत, मग उजेडात धरत. वाचायची पाळी शेवटी येई, आणि पुष्कळदा येतच नसे. एकदा एक लग्नपत्रिका आली. ती पाहून ते इतके खूश झाले की दोन्ही घरांचं कौतुक करत बसले. असा कागद निवडणारी माणसं संस्कारी असणार म्हणाले. लग्नाच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून निघाले, जेवून परत आले, आणि मावशीनं मुलगी कुणाची होती असं विचारल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पत्रिकेतलं एकही नाव आपण वाचलेलं नाही. फक्त कार्यालयाचा पत्ता पाहिला होता. विजेचं बिल आलं की ते कागद हलका झाला म्हणून हळहळत, आकड्याबद्दल काही म्हणत नसत.

नोटांवरच्या सह्या हा त्यांचा आणखी एक विषय. प्रत्येक गावच्या नगराध्यक्षाशी त्यांची सहीवरून ओळख आहे. "हा बघ, हा घाईत आहे. घरी पाहुणे आले असणार." किंवा, "हा माणूस चांगला, पण बायको वारलेली दिसते. शेवटचं अक्षर बघ कसं खाली पडलंय." मी एकदा भीत भीत म्हटलं, की आजोबा, ती छापलेली सही आहे. ते म्हणाले, छापायच्या आधी कुणीतरी केलीच असेल ना.  टीव्हीवर जर्मनीत कुठे पूर आल्याची बातमी लागली की त्या नदीकाठचे सगळे नगराध्यक्ष त्यांना आठवतात. अशा एका दिवशी ते जेवले नाहीत. मावशी खालून म्हणाली, "आपल्या नळाला पानी कवा येतं ते ह्यांना ठावं नाय. पन तिकडच्या नदीला पानी वाढलं का हे उपाशी."

माझी मावशी त्यांची खालच्या मजल्यावरची भाडेकरू. तिचे यजमान साजगावच्या एका कारखान्यात पाळीला जात. मी कडावची. घरी भातशेती आणि दुधाच्या म्हशी. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, म्हणून कॉलेजात गेल्यावर नेमकं काय करायचं असतं हे सांगणारंही कुणी नव्हतं. मावशीच्या एका खोलीत आठवडाभर राहायचं आणि शनिवारी गावी जायचं असं ठरलं. त्या खोलीत मावशी, यजमान, मिक्सर आणि टीव्ही असे चौघे आधीच होते. पहिल्याच आठवड्यात घरमालकांनी मला जिन्यात पुस्तक घेऊन बसलेली पाहिलं आणि वर बोलावलं. खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं. एकच अट घातली, "तुझं पुस्तक तू वाच. उठताना माझं एक पान बघ." म्हणजे अल्बमचं. मी पदवीपर्यंत त्या टेबलावर अभ्यास केला. परीक्षेत महायुद्धानंतरच्या जर्मनीवर प्रश्न आला तेव्हा मी इतकं लिहिलं की पुरवणी मागावी लागली, आणि त्यात सैन्य, तह, कारणे, परिणाम यांच्यापेक्षा पाववाल्याची अडचण जास्त होती. तरी गुण बरे मिळाले. ते गुण माझे नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

गल्लीतल्या इतरांना अभ्यासाची गरज नसल्यामुळे ते अल्बम चुकवत. घरमालक "एकच दाखवतो" म्हणाले की शेजारणीला कुकरची शिट्टी ऐकू येई, मग घरात कुकर असो वा नसो. रिक्षावाल्यांना अचानक भाडं मिळे. केस कापणारा तर घरमालक खुर्चीवर बसले की मान खाली दाबूनच ठेवायचा, म्हणजे बोलणं छातीतच राहायचं. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. सगळे त्यांना मानत. पण त्यांच्या जिन्यावर माझ्याशिवाय कुणाच्या चपला दिसत नसत.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. त्यांच्या पत्नी असताना जिना कधी मोकळा नसायचा. कारखान्यातले लोक, शेजारी, पोस्टमन, सगळे वर येऊन तासतासभर अल्बम बघत. बाईंच्या चहाला आलं आणि गवती चहा असे, आणि पावसाळ्यात कांदाभजी. बाई गेल्या तसे लोक हळूहळू यायचे थांबले. घरमालक एकदा मला अगदी सरळ आवाजात म्हणाले, "लोक जर्मनी बघायला येतात असं मला वाटायचं. ते हिच्या चहाला येत होते. हे मला ती गेल्यावर कळलं." मग त्यांनी स्वतः चहा शिकायला घेतला. कारखान्यातून आणलेल्या काचेच्या मापानं ते दूध मोजत आणि उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवत. चहा वाईट होत नसे. फक्त तो चहा घेताना आपण कुठल्यातरी तपासणीत पास झालो की नाही असं वाटत राही.

तोवर त्यांना बोलायला एक जागा उरली होती, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. सुट्टे नसले की दुकानदार गोळ्या द्यायचा आणि घरमालक रोज त्याच्याशी भांडायचे. गोळी ही नोट नव्हे, तिच्यावर गावाचं नाव नाही, मुदत नाही, सही नाही, असं ते त्याला समजावून सांगत. दुकानदारही इरेला पेटून उत्तरं द्यायचा. मग एक दिवस दुकानात तो चौकटी-चौकटींचा कोड लागला. फोन दाखवला की पैसे जमा, आणि डबा मोठ्यानं आकडा बोलतो. भाजीवालीकडे लागला, नारळवाल्याकडे लागला. गोळ्या बंद झाल्या. घरमालकांनाही पुतण्यानं फोन घेऊन दिला होता. साखर घेऊन ते परत आले आणि पिशवी टेबलावर ठेवून बसून राहिले. "पूर्वी सुट्ट्यावरून भांडायला तरी दोन माणसं लागत होती," ते म्हणाले. "आज मी गेलो, साखर घेतली आणि आलो. बोलला तो डबा."

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला विचारलं, गाव अडचणीत आलं की गाव काय करतं? मी अल्बममधलं उत्तर दिलं, नोट काढतं. "बरोबर," ते म्हणाले. "माझ्याकडे सुटं काय आहे? वेळ आणि चहा. मी चहाची नोट काढणार."

बाजारातला कागद त्यांना चालणार नव्हता. गावची नोट गावच्या कागदावर हवी. शनिवारी मी घरी सांगितलं आणि सोमवारी माझे वडील भाताच्या पेंढ्याचा भारा टेंपोत टाकून स्वतः घेऊन आले. लेकीला अभ्यासाला टेबल देणाऱ्या माणसानं पेंढा मागितला, तो कशाला हे त्यांनी विचारलंही नाही. म्हैस घेतली असेल असं त्यांना वाटलं आणि ते जिना चढताना थोडे काळजीत होते. मग गच्चीवर चूल मांडून, पेंढा बारीक कापून, चुन्याच्या पाण्यात शिजवणं सुरू झालं. वास असा सुटला की गल्लीत कुणाचं काय सडलंय यावरून दोन घरांत अबोला झाला. शिजलेला लगदा बारीक करायला त्यांनी मावशीचा मिक्सर मागून नेला. तो मिक्सर पुन्हा चटणीच्या कामाचा राहिला नाही. जुन्या फोटोच्या चौकटीवर मच्छरदाणीचं कापड ताणून त्यावर लगदा पसरायचा, पाणी गळू द्यायचं, पाट्याखाली दाबायचा आणि खिडकीच्या काचेवर वाळवायचा. त्यातून निघालेला कागद पिवळसर आणि जाडसर होता, आत पेंढ्याच्या काड्या दिसत होत्या. घरमालकांनी कानाजवळ टिचकी मारली आणि डोळे मिटले.

चित्रं तीन ठरली. एकावर घाटातून वीजघराकडे उतरणारे पाण्याचे मोठे नळ. दुसऱ्यावर साजगावच्या जत्रेतली सुक्या बोंबलांची माळ. तिसरी नोट पेंढ्याच्या मानासाठी कडावची. तिच्यावर कडावची दंतकथा हवी म्हणून त्यांनी वडिलांना विचारलं. वडील बराच वेळ विचार करून म्हणाले, "दंतकथा तशी नाय. एकदा रेडा इहिरीत पडला हुता." घरमालक उठून उभे राहिले. सगळ्या गावानं मिळून काढला का, त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, गावानंच काढला, दोर बांधून, तिसऱ्या प्रहरापर्यंत. अशा रीतीनं आमच्या गावचा रेडा नोटेवर आला. शिक्के करणाऱ्याकडून ठसे कोरून घेतले. मजकूर असा होता, "ही नोट घेऊन येणाऱ्यास वरच्या मजल्यावर एक कप चहा देण्यात येईल. मुदत होळी पौर्णिमेपर्यंत. चहा दिल्यावर नोटेला भोक पाडून ती परत करण्यात येईल." भोक पाडणं हा जर्मनीतला नियम. वटलेली नोट पुन्हा फिरू नये म्हणून तिथे असं करत. खाली सही. सहीचा त्यांनी इतका सराव केला की शेवटी ती खरोखर एखाद्या नगराध्यक्षासारखी, न वाचता येण्याजोगी झाली.

नोटा त्यांनी स्वतः घरोघर, दुकानोदुकानी नेऊन दिल्या. आणि मला सांगायला अभिमान वाटतो की असं कौतुक मी आमच्या गल्लीत दुसऱ्या कशाचं पाहिलं नाही. केस कापणाऱ्यानं बोंबलांची नोट आरशाच्या कोपऱ्यात लावली. दुकानदारानं तिला लॅमिनेशन करून गल्ल्यावर, लक्ष्मीच्या फोटोशेजारी ठेवलं. एका रिक्षावाल्यानं ती लग्नाच्या आहेरात वर एक रुपया घालून पाकिटातून दिली, आणि नवरदेवाकडच्यांनी ती सांभाळून ठेवली. मावशीनं आपली नोट तांदळाच्या डब्यात तळाशी घातली, बरकतीसाठी. रस्त्यात घरमालक दिसले की लोक लांबून हात करत, नोट एक नंबर झाली म्हणून सांगत. माझे वडील तर कडावात रेड्याची नोट दाखवत फिरले.

जिना मात्र कुणी चढलं नाही.

हे मला कळलं ते दह्यावरून. घरमालक रोज पाहुण्यांसाठी जास्तीचं दूध घेत होते. संध्याकाळी ते तसंच उरे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून खाली भांडंभर दही येई. पहिल्यांदा मावशी खूश झाली. मग कढी झाली, ताक झालं, पुन्हा कढी झाली. शेवटी ती भांड्याकडे बघत म्हणाली, "नोटा काढल्या च्याच्या, आन् वाटत बसलेत दही." 

मी लोकांना विचारलं. केस कापणारा म्हणाला, चहाला यायला काय, आत्ता येतो, पण ते नोटेला भोक पाडणार ना, एवढी चांगली नोट. दुकानदार म्हणाला, लॅमिनेशन केलेल्या वस्तूला भोक पाडलं तर आत पाणी जातं. ज्याला त्याला आपली नोट कोरी हवी होती. मी टेबलावरून उठून घरमालकांना सांगितलं, की आजोबा, नुसता चहा द्या, भोक पाडू नका, लोक येतील. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, तिकडेही असंच झालं. लोकांनी नोटा हौसेनं ठेवून दिल्या, वटवायला आणल्याच नाहीत, आणि तेवढा गावांचा फायदा झाला. "मला वाटलं आपल्याकडे कुणाला छंद नाही. आपल्याकडे लोक चहा सोडणार नाहीत."

"मग भोक नका ना पाडू."

"भोक पाडलं नाही तर ती नोट खोटी ठरते गं. मग मी नुसता चहा पाजणारा म्हातारा." त्यांनी भोक पाडायचा पंच उचलून पुन्हा जागेवर ठेवला. "तसं बोलावलं असतं तर कोण आलं असतं?"

होळी दोनतीन दिवसांवर आली तेव्हा मावशी एका दुपारी पदराला हात पुसत वर आली. मी टेबलावरच होते. इतक्या वर्षांत भाडं द्यायला दाराशी यायची, तेवढीच. तिच्या हातात नोट होती आणि नोटेवर तांदळाचा पांढरा भुगा.

"घरमालक, च्या टाका."

घरमालकांनी नोट घेतली, चोळली, नाकाशी नेली. तांदळाचा वास येतोय म्हणाले.

"डब्यात हुती. बरकतीला."

"भोक पडेल हं."

"पाडा. कानाला पाडलं तवा कुठं रडले मी."

त्यांनी पंच दाबला. त्या आवाजाला मी आणि मावशी दोघी जरा दचकलो. मग त्यांनी दूध मोजलं, थर्मामीटर बुडवला, चहा दिला. मावशी चहा घेऊन उठेल असं मला वाटलं होतं. तिनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, दाखवा काय ते. एकेक पान उलटत ते नाउम्बुर्गवर आले. ती नोटांची सगळी मालिका एका गोष्टीची आहे. शत्रूच्या फौजेनं गावाला वेढा घातला, मोठ्यांचं काही चालेना, तेव्हा गावानं आपली मुलं सेनापतीकडे पाठवली. मुलांना बघून तो विरघळला आणि त्यानं त्यांना चेरीची फळं दिली. मावशीनं चित्राला नाक लावून पाहिलं.

"ही कसली म्हनायची, करवंदं?"

"तशीच काहीशी."

"आन् पोरं घरी आली का समदी?"

घरमालकांनी चष्मा काढला. अल्बम बघणाऱ्यांनी त्यांना आजवर किंमत विचारली होती, साल विचारलं होतं, हे खपवलं तर किती येतील असंही विचारलं होतं. मुलं घरी आली का, असं कुणी विचारलं नव्हतं. "आली," ते म्हणाले. "सगळी आली."

खाली आल्यावर मावशीनं त्या भोकात सुतळी ओवली आणि नोट दाराबाहेरच्या खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी नळावर तिनं आवाज न चढवता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की गल्लीत भोक पाडलेली नोट एकच हाय, ती माज्याकडं. तुमच्या ठेवा कोऱ्या. कोरी नोट म्हंजी बोलावनं येऊनबी घरी बसलेला पावना. त्या दिवशी हंडे नेहमीपेक्षा लवकर उचलले गेले.

होळीच्या संध्याकाळी जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. केस कापणारा आरशावरची नोट काढून घेऊन आला. दुकानदार लॅमिनेशनसकट आला. आहेरात नोट गेलेल्या घरचा नवरदेव बायकोला घेऊन आला. दूध संपलं, माप बाजूला पडलं, थर्मामीटर कुणाच्या तरी पायाखाली गेला. मी आणि मावशी कोरा चहा ओतत होतो, आणि घरमालक दाराशी उभे राहून एकेकाची नोट चोळत, नाव विचारत आणि भोक पाडत होते. चहाला बाईंच्या चहासारखं आलं होतं, कारण ते मावशीनं ठेचलं होतं. अल्बम उघडायला कुणाला जागा झाली नाही. त्याच्यावर कपबशा ठेवल्या होत्या. खाली होळी पेटल्याचा आवाज आला तसे सगळे एकदम उतरले. घरमालक जमिनीवर बसले आणि भोकांतून पडलेल्या कागदाच्या बारीक चकत्या एकेक करून बशीत वेचू लागले. मी केरसुणी आणली तर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सगळ्यांच्या नोटांना भोकं पडली होती, मुदत संपली होती, आणि जिन्यावर पुन्हा माझ्याच चपला होत्या.

आता मी कडावजवळच्या एका शाळेत शिकवते. मावशीच्या यजमानांना तळोज्याला काम मिळालं, त्यांनी खोली सोडली. खालच्या खोलीत कारखान्याच्या कंत्राटावर आलेली मुलं राहतात. ती दर काही महिन्यांनी बदलतात. मी घरमालकांना अजून माझ्या मावशीचे घरमालक असंच म्हणते, कारण दुसरं काही म्हणायची सवय नाही. काचबिंदूनं त्यांचे डोळे जवळजवळ नेले आहेत. अल्बम टेबलावर उघडाच असतो आणि ते पानांवरून बोटं फिरवत गावं ओळखतात.

जमेल त्या रविवारी मी जाते. माझ्याकडे रेड्याची एक नोट राहून गेली आहे. होळीच्या दिवशी मी चहा ओतत होते, त्यामुळे तिला भोक पडलं नाही. गेल्या खेपेला मी दारात उभी राहिले तेव्हा ते चेहरा वर करून, खालची मुलं का, असं हिंदीत विचारत होते. मी आत गेले. नोट त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं चोळली, कानाजवळ टिचकी मारली.

"कडावचा पेंढा," ते म्हणाले. "ये, बस."

मी म्हटलं, आजोबा, आज वटवूनच टाका, मुदत संपून किती वर्षं झाली. त्यांनी टेबलावर चाचपून पंच शोधला, नोटेची कड त्यात नीट बसवली. बोटं तिथेच राहिली. नियम मोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नोट पंचातून काढली, दुमडणार नाही अशी काळजी घेत माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

"राहू दे," ते म्हणाले. "भोक पाडलं तर तू परत कशाला येशील?"

मग भिंतीला हात लावत ते चहा टाकायला आत गेले. दूध किंचित फाटलं होतं. मी दोनदा मागून घेतला.